आधी भिंत पाहून घ्या



नहेम्याची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी सांगतो. यरुशलेमचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी ऐकून तो रडला, त्याने उपास केला आणि राजाची परवानगी घेऊन तो गावी आला. पण आल्या आल्या त्याने दगड उचलला नाही. तीन दिवस थांबून, मोजकी माणसं बरोबर घेऊन तो रात्री बाहेर पडला आणि कुणाला काही न सांगता तट कुठं कुठं पडलाय ते पाहून आला. एके ठिकाणी ढिगारा इतका होता की त्याच्या जनावराला पुढं जायला वाट मिळाली नाही. नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळं आहे. मुलांना आम्ही तट बांधल्याचं रंगवून सांगतो, ही रात्रीची फेरी मात्र दोन वाक्यांत उरकतो. या उपवासकाळात त्या फेरीचा अर्थ आम्हाला नव्याने कळला, आणि तो एका बंद पडलेल्या संकेतस्थळामुळे कळला.

आपल्या धर्मग्रामाचं संकेतस्थळ 2016 साली एका उत्साही तरुणाने वर्डप्रेसवर उभं केलं. मिस्साच्या वेळा, क्रुसाची वाट, आजाऱ्यांसाठी आणि मृतांसाठी प्रार्थना, जुन्या गायकमंडळाची ध्वनिमुद्रणं, असं सगळं त्यावर होतं. पुढं तो तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला. संकेतस्थळ चालू होतं, म्हणून कुणी त्याकडे पाहिलं नाही. उपवासकाळाच्या तोंडावर आमच्यापैकी एकाने चांगल्या मनाने आत जाऊन पाहिलं, तर कित्येक वर्षांची अपडेट्स साचलेली. त्याने ती सगळी एकदम करून टाकली. नव्या आवृत्तीला नवी पीएचपी हवी असं दिसलं, म्हणून होस्टिंगच्या पॅनेलवर तीही 8 केली. संध्याकाळी पान उघडलं तर पांढरं. त्यावर एकच ओळ, गंभीर त्रुटी आल्याची.

त्याच आठवड्यात पुण्याहून आपल्या एका बहिणीचा फोन आला. सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून तिला आजाऱ्यांसाठीची प्रार्थना मराठीतून म्हणायची होती. तिने मोबाइलवर पान उघडलं आणि तिला तो पांढरा पडदा दिसला. तिने तक्रार केली नाही. "राहू द्या, पाठ होतं तेवढं म्हटलं," एवढंच म्हणाली. हे वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही.

धर्मग्रामात सगळ्यांच्या तोंडी एकच बोलणं होतं, की अपडेटने संकेतस्थळ बिघडवलं. सुरुवातीला आम्हीही तेच म्हणत होतो. आज आम्हाला वाटतं की हे म्हणणं खोटं आहे, आणि खोटं आहे म्हणून घातकही आहे. पावसाने घर गळत नाही, कौलं सरकलेली असतात म्हणून गळतं. पाऊस फक्त ते दाखवून देतो.

नेमकं काय सरकलं होतं, ते सांगतो. दुसऱ्या धर्मग्रामांनाही कदाचित उपयोग होईल.

पहिले दोन दिवस आम्ही नहेम्याच्या अगदी उलट वागलो. जो तो हाती लागेल तो दगड उचलत होता. एकाने प्लगइन काढलं, दुसऱ्याने वेगळंच घातलं, तिसरा म्हणाला सगळं पुसून नव्याने सुरू करू. तिसऱ्याचं ऐकलं असतं तर प्रार्थना आणि ध्वनिमुद्रणं कायमची गेली असती. शेवटी आम्ही हात आवरले आणि आधी प्रत काढली: सगळ्या फायलींची आणि डेटाबेसची, दोन्हींची. वर्डप्रेसमध्ये लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि चित्रं, आवाज, थीम फायलींमध्ये असतात. एकाचीच प्रत ठेवली तर अर्धंच घर वाचतं.

मग फेरी सुरू केली. वर्डप्रेसच्या 5.2 या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये घातक बिघाड झाला की ते आपण होऊन व्यवस्थापकाच्या पत्त्यावर ईमेल पाठवतं. आमच्या संकेतस्थळानेही पाठवला होता. पण तो त्या तरुणाच्या जुन्या पत्त्यावर गेला, आणि ती पेटी तो वर्षानुवर्षं उघडत नव्हता. आम्ही फोन केला तेव्हा त्याने शोधून काढला. त्यातल्या दुव्याची मुदत संपली होती, पण बिघाड कुठं आहे ते स्वच्छ लिहिलेलं होतं. थीमच्या एका फायलीत जुन्या पद्धतीची आज्ञा होती. पीएचपी 7.2 पासून ती वापरू नका असं सांगितलं जात होतं आणि 8 मध्ये ती काढूनच टाकली गेली. सूचना वर्षानुवर्षं मिळत होती, ऐकायला कुणी नव्हतं. प्रभूची हाक आपल्यापर्यंत पोचत नाही असं आपण अनेकदा म्हणतो. आपण त्याला कोणता पत्ता दिलाय, हे कधी तपासतो का?

ईमेल सापडला नसता तरी वाट होती. संकेतस्थळाच्या wp-config नावाच्या फायलीत, म्हणजे वर्डप्रेसच्या मांडणीच्या मुख्य फायलीत, त्रुटींची नोंद सुरू करता येते. मग debug नावाच्या नोंदवहीत प्रत्येक बिघाड वेळेसकट उतरतो. प्लगइनवर संशय असेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइनांच्या फोल्डरचं नाव बदलायचं, की सगळी एकदम बंद पडतात. पान उघडलं तर दोषी त्यांच्यातच आहे. मग नाव पूर्ववत करून एकेक चालू करायचं आणि प्रत्येक वेळी पान पाहायचं. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईने हरवलेलं नाणं असंच शोधलं. तिने दिवा लावला, घर झाडलं आणि सापडेपर्यंत शोधत राहिली. घर पाडून नाणं शोधत नाहीत.

जुनी थीम बाजूला ठेवून वर्डप्रेसबरोबर येणारी साधी थीम लावली आणि पान उघडलं. आम्ही देवाचे आभार मानले, पण ते जरा लवकरच. आतली पानं सापडत नव्हती, ती दुव्यांची मांडणी पुन्हा जतन केल्यावर मिळाली. खरा धक्का त्यानंतर बसला. प्रार्थनांच्या पानांवर मराठीच नव्हती. होती ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

कारण असं. या प्रार्थना छापखान्यातल्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. जुन्या थीममध्ये तो फॉन्ट जोडलेला होता, थीमबरोबर तोही गेला. म्हणजे इतकी वर्षं आपल्या संकेतस्थळावर मराठी दिसत होती, पण ती तिथं नव्हती. गूगलवर शोधणाऱ्याला ती कधी सापडली नसेल, अंध बांधवाच्या मोबाइलने ती कधी वाचून दाखवली नसेल. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आम्हीच ते काम पुढं ढकललं होतं.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ती चुका सोडतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं याच्या उलट. त्यामुळे वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरं फुटतात. डोळ्यांनी तपासल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग शनिवारी संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं बसली. आपली ही मुलं कन्नड शाळेत शिकतात, देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. ळ आणि ऱ्य दिसले की अडखळतात. शेजारी एक आजी बसल्या. त्यांना संगणक कळत नाही, पण प्रार्थना तोंडपाठ आहेत. मुलं मोठ्याने वाचत, आजी चूक धरत आणि एक जण दुरुस्त करत जाई. चूक नसली की आजी नुसती मान हलवत. अफजलपूरच्या या टापूत घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दख्खनी उर्दू, असं आपलं जगणं आहे. आपली मराठी प्रार्थना पुढच्या पिढीच्या तोंडी राहायची असेल तर ती अशीच, आजीच्या कानाखालून जावी लागेल.

नहेम्याचा तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, असं वाटून आपण तो वगळतो. पण त्या यादीत सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत, आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच तट बांधला असं लिहिलंय. तट 52 दिवसांत पुरा झाला, तो गवंड्यांमुळेच नव्हे.

कुणी म्हणेल, आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, संकेतस्थळ हवं कशाला? ग्रुपचा उपयोग आम्ही नाकारत नाही, मिस्साची वेळ बदलली की तिथंच कळवतो. पण ग्रुपवर टाकलेली प्रार्थना चार दिवसांत शुभेच्छांखाली गाडली जाते. मोबाइल हरवला की तीही हरवते. आणि जो अजून आपल्या ग्रुपमध्ये नाही, सोलापूरला किंवा मुंबईला कामाला जाऊन एकटा पडलाय, त्याला दार कुठून सापडणार?

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि माणसांचा. तो खरा आहे. आमचं धर्मग्राम लहान, हातावर पोट असणाऱ्यांचं. म्हणूनच आमचं मत असं की जेवढं सांभाळता येईल तेवढंच ठेवावं. सरकती चित्रं, पाहुण्यांचा आकडा, कधीच न भरलेलं छायाचित्रांचं दालन, हे आम्ही काढून टाकलं. कुटुंबांचे फोन क्रमांक असलेलं एक जुनं पानही काढलं. ते उघड्यावर असायलाच नको होतं. ओस पडलेल्या संकेतस्थळात चोर शिरतात आणि तिथून दुसऱ्यांना फसवतात. कुलूप न लावलेलं घर एकट्या मालकालाच नडतं असं नाही.

प्रतीबद्दल एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, जवळपास 11 हजार ओव्यांचं. ते 1616 साली गोव्यात रायतूर इथं रोमन लिपीत छापलं गेलं, नंतर 1649 आणि 1654 मध्येही. त्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. तरी ख्रिस्तपुराण आपल्याकडे आहे, कारण लोकांनी ते हाताने उतरवून ठेवलं होतं. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. छापखाना मोठा आणि वही लहान, पण तारलं वहीनेच. आपल्या काळातली ती वही म्हणजे महिन्याला काढलेली एक प्रत, संकेतस्थळाच्या जागेपासून वेगळी ठेवलेली.

म्हणून पॅरिश कौन्सिलपुढं आम्ही चार गोष्टी मांडल्या आहेत. चर्चच्या छपराचा आणि घंटेचा विषय जसा दर बैठकीत निघतो तसा संकेतस्थळाचाही निघावा. व्यवस्थापकाचा ईमेल पत्ता माणसाचा नसावा, धर्मग्रामाचा असावा, आणि त्याची किल्ली तिघांकडे असावी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आधी प्रत, मग अपडेट, मग प्रत्येक पान उघडून पाहणं, असा क्रम राहावा. आणि हे काम करणाऱ्याला वेदीची फुलं मांडणाऱ्याइतकाच सेवेचा मान मिळावा. "त्याला कॉम्प्युटर येतो, त्याला सांगा" असं म्हणून आम्ही एका मुलावर सगळं टाकलं आणि तो गेल्यावर त्यालाच बोल लावला. फोनवर आम्ही त्याची माफी मागितली आहे, इथंही मागतो.

विश्वासू कारभाऱ्याकडून प्रभू मोठी कामं मागत नाही, सोपवलेलं सांभाळल्याचा हिशेब मागतो. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना आता त्या पानावर नीट मराठीत आहे. पुण्याच्या बहिणीला आम्ही दुवा पाठवला. तिच्या सासूबाई तोवर प्रभूकडे गेल्या होत्या. तिने उलट कळवलं की ती आता मृतांसाठीची प्रार्थना रोज तिथूनच वाचते.

हे प्रभू येशू, आम्ही सुरू केलेली आणि मग विसरलेली कामं तुला ठाऊक आहेत. बांधायच्या आधी पाहायला आम्हाला शिकव, आणि पाहिल्यावर लाजेने पळून न जाता आपापल्या घरासमोरचा दगड उचलायला बळ दे. आमेन.