कात्री हाती येण्यापूर्वी

वाणगावचा माझा एक जुना विद्यार्थी परवा भेटला. रोज सकाळच्या लोकलने तो विरारला एका केशकर्तनालयात उमेदवारी करण्यास जातो. तीन महिने झाले, तरी कात्री अद्याप त्याच्या हाती आलेली नाही. जमिनीवरचे केस झाडावेत, टॉवेल धुवावेत, कंगवे जंतुनाशकात बुडवून ठेवावेत आणि उरल्या वेळी उस्तादाच्या बोटांकडे पाहावे, एवढेच त्याचे काम. “इतके शिकून शेवटी हजामतच का?” असे लोक विचारतात, हे सांगताना त्याची मान खाली गेली.

मुलांनो, मला त्या प्रश्नाचा राग आला. मानेवर वस्तरा फिरत असता आपण डोळे मिटून स्वस्थ बसतो. एवढा विश्वास वैद्याखेरीज दुसऱ्या कोणावर टाकतो? विधवांच्या केशवपनाविषयी विद्वानांचे वाद चालू असता, १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून, हे काम आम्ही करणार नाही, असा निर्धार केला. हातची मिळकत सोडून! त्या धंद्याला कमी लेखणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसावी.

झाडलोट हाही शिक्षणाचाच भाग खरा; राठ केस कोणता नि मऊ कोणता, हे तेथेच कळू लागते. परंतु तीन महिने राबवून उमेदवाराला गाडीभाडेही न देणे मला मुळीच पसंत नाही. तसे मी त्याला स्पष्ट सांगितले.

तो हसला. सरावासाठी त्याला एक डोके हवे होते. माझ्या डोक्यावर फारसे केस उरलेले नाहीत. जे आहेत, ते येत्या रविवारी त्याच्या स्वाधीन करावयाचे ठरले आहे.