गळती बुजली, भेग तशीच राहिली

१९ डिसेंबर २००५ ची दुपार. नाताळ सहा दिवसांवर आलेला. अमेरिकेतल्या मायामी बंदरातून एक लहान विमान पाण्यावरूनच उडाले. समुद्रापलीकडच्या बिमिनी या बहामाच्या चिमुकल्या बेटावर ते निघाले होते. प्रवाशांत बरेचजण बिमिनीचेच होते. मायामीत सणाची खरेदी करून घरी परतत होते. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमानाचा उजवा पंख तुटून वेगळा झाला. अठरा प्रवासी आणि दोन वैमानिक, विसांपैकी एकही वाचला नाही. त्यांत तीन तान्ही बाळे होती.

विमान होते ग्रुमन मॅलर्ड, १९४७ सालच्या बांधणीचे. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचे. एवढे जुने विमान उडवलेच कसे, हा प्रश्न तेव्हा सर्वांच्याच तोंडी आला. मला तो तितकासा पटत नाही. धातूचे वय वर्षांवर मोजत नाहीत. किती वेळा ताण पडला आणि त्याकडे कोणी कसे पाहिले, यावर मोजतात.

या विमानाच्या पंखाची पोकळी हीच इंधनाची टाकी. पंखाच्या आत लांबीच्या दिशेने धातूच्या पट्ट्या असतात, छपराखालच्या वाशांसारख्या. त्यांतल्या एका पट्टीला ताणाने भेग पडली. एक वासा निकामी झाला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो. इथे तो पंखाच्या पत्र्यावर आला, मग पत्राही चिरला आणि शेवटी मुख्य तुळईने दम सोडला. त्या आधी उजव्या पंखातून इंधन गळत होते, आणि एकदा नव्हे, वारंवार. दरवेळी गळती बुजवली गेली. पत्र्याच्या भेगेवर ठिगळही लावले होते. गळते आहे ते का, हे मात्र कोणी मुळापर्यंत जाऊन पाहिले नाही.

मी बँकेत होतो तेव्हा खतावणीची बेरीज जुळेना की किरकोळ फरक उचंत खात्यात टाकून आम्ही शेवटची लोकल गाठत असू. मीही टाकला आहे. एकदा टाकला तर फारसे बिघडत नाही. पण तोच फरक त्याच खतावणीत पुन्हा डोके वर काढू लागला, तर तो फरक नसतो, निरोप असतो. आमच्या चुकीने कोणाचा जीव जात नव्हता, एवढेच.

मला अधिक सलते ते कायद्याचे. १९८८ मध्ये हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ चे छप्पर हवेतच उडाले, तेव्हा जुन्या विमानांसाठी अमेरिकेने १९९१ मध्ये खास कायदा केला. त्याखालचे नियम आले. पण १९५८ पूर्वी ज्यांच्या नमुन्याला मंजुरी मिळाली, त्या विमानांना जादा तपासण्यांतून वगळण्यात आले! म्हणजे सर्वांत वृद्ध तेवढे सुटले. कारण उघड आहे. अशी विमाने उरलीत मूठभर, ती चालवणाऱ्या कंपन्या लहान, खर्च त्यांना झेपणारा नाही. (मॅलर्ड जगात बनलीच मुळी ५९.) पण तिकीट काढणाऱ्या बिमिनीच्या आईला ही सूट कोणी सांगितली होती?

चॉक्स ओशन एअरवेज ही कंपनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनची परंपरा सांगणारी. तिच्या विमानात तोवर एकाही प्रवाशाचा जीव गेला नव्हता. कोऱ्या पाटीचा हा अभिमानही घातक ठरत असावा. २००७ च्या अहवालात अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाने कंपनीच्या देखभालीला दोष दिला. ती देखभाल तपासणाऱ्या सरकारी खात्यालाही सोडले नाही, आणि ती सूट काढून टाका असेही सांगितले. त्याच वर्षी कंपनीची विमानसेवा संपली.

तपासात विमानाचा न तुटलेला डावा पंखही उघडून पाहिला. भेगा त्यातही होत्या.