मजुराच्या जिवाचा जामीन कोण?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत आज एकाच वेळी मोठमोठी बांधकामे चालली आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग यांच्या वाटा याच भागातून जातात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची कोनशिला बसली त्या वाढवण बंदरावर ७६ हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडावयाचे आहेत. बंदर व्हावे की न व्हावे, हा वाद किनाऱ्यावरील मच्छीमार वर्षानुवर्षे लढवीत आले आहेत. त्यात आज शिरावयाचे नाही. आजचा प्रश्न इतकाच, की खांद्यावरून सळया वाहणारा आणि उंच परांचीवर चढणारा जो मजूर, त्याच्या जिवाची हमी कोणी घेतली आहे?

ही शंका निराधार नव्हे. १ ऑगस्ट २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे प्राणास मुकली. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच पालघर जिल्ह्यात, ससूनवघर येथे, पाणीपुरवठ्याच्या बोगद्याचे काम चालू असता माती ढासळली आणि यंत्रचालक यंत्रासह गाडला गेला. ही काही गल्लीबोळातील बेवारस बांधकामे नव्हती. जनतेच्या पैशाने चाललेली सार्वजनिक कामे होती.

बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून संघटनांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा कोठे १९९६ चा कायदा झाला. पाचशे वा अधिक मजूर असलेल्या कामावर सुरक्षा समिती हवीच, आणि तीत मजुरांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत, असे त्याने ठरवून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. दहा केंद्रीय कामगार संघटनांनी या संहितांविरुद्ध मोहीम उघडली आहे. त्यांच्या साऱ्या आक्षेपांचा परामर्श येथे घेता येणार नाही. नव्या व्यवस्थेत लाभ मुळीच नाही, असेही नव्हे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे मजुरांवर आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु समिती मात्र आता सरकार आदेश देईल तेथेच होणार आहे.

हा फरक शाब्दिक नाही. धोका दिसल्यास तो मालकाच्या कानी घालण्याचा हक्क संहितेने मजुरास दिला आहे. तो त्याने स्वतः बजावावा किंवा समितीच्या सभासदामार्फत. आता समितीच नसली तर? ज्याला मुकादमाने आज सकाळी नाक्यावरून गाडीत घातले, आणि उद्या घ्यावयाचे की नाही हे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याच मुकादमाला ‘बेल्ट दे, नाहीतर वर चढत नाही’ असे सुनावण्याची छाती कितीजणांची होईल?

पैसा नाही, ही सबब येथे चालावयाची नाही. मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले, की देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले असता त्यांतील सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले होते. महाराष्ट्राच्या मंडळाने नोंदित मजुरांना भांड्यांचे संच वाटले. गरिबाच्या घरी भांडी गेली याचे आम्हांस दुःख नाही. पण परांचीवरून पडणाऱ्या माणसाला भांडी सावरीत नाहीत. शिवाय नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. भातकापणी आटोपल्यावर आज या, तर उद्या त्या ठेकेदाराकडे राबणाऱ्या वारली मजुराने तो मिळवावा कोठून?

समित्यांमुळे कामात खोडा पडेल, असे ठेकेदार म्हणतील. वीस प्रेते उचलावी लागतात तेव्हा काम थांबत नाही काय?

संघटित शब्दाचे मोल या भूमीला शिकविण्याची गरज नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या प्रेरणेने वारली शेतकरी जमले आणि वेठ न करण्याचा त्यांनी निर्धार केला. सक्तीने राबविणे तेव्हाही कायद्याने गुन्हाच होते. कायदा पुस्तकात होता आणि वेठ शेतावर चालू होती. माणसे एकत्र उभी राहिली तेव्हाच ती मोडली. आणि त्यासाठी त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांना गोळीबारात प्राण द्यावे लागले.

म्हणून सरकारने आता विलंब लावू नये. या दोन तालुक्यांतील अडीचशेहून अधिक मजुरांच्या प्रत्येक कामावर, पोटठेकेदारांची माणसेही मोजून, सुरक्षा समितीचा आदेश काढावा आणि मजुरांचे प्रतिनिधी मजुरांनाच निवडू द्यावेत. संघटनांनीही नोंदणीचे अर्ज भरून देण्यातच समाधान न मानता पहाटेच्या नाक्यापर्यंत जावे. पुढील अपघाताची वाट न पाहता हा आदेश निघाला, तर सरकारचे अभिनंदन करण्यात आम्ही मागे राहणार नाही.