दिवे मागता? आधी तेल घाला!

डिसेंबर 2023. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधकांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारले, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार? तो प्रश्न आम्ही सास्तूरच्या वेशीवर उभे राहून सरकारच्याच दारात परत टाकतो आहोत.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले हे सास्तूर. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, 3 वाजून 56 मिनिटे. गणपती विसर्जन करून निजलेले गाव भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली, माळवदांखाली गाडले गेले. किल्लारी-सास्तूरच्या या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मग अभ्यासकांची रीघ लागली. कोणी जमिनीच्या भेगा मोजल्या, कोणी घरांच्या भिंती. भूकंपग्रस्तांच्या मनावरच्या जखमांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली केला. ते काम मोलाचेच होते. पण सास्तूरने जन्मभर नमुनाच राहायचे काय? प्रश्न विचारणारी वही या मातीतल्या पोरीच्या हाती कधी येणार?

शेजारच्या लातूरने बारावीच्या गुणांचा ‘पॅटर्न’ देशभर गाजवला. त्या शर्यतीत ‘नीट’ला नंबर लागला तर पोर हुशार, नाही लागला आणि ती बी.एस्सी.ला गेली, की घरीदारी ती ‘उरलेली’! संशोधनाची एम.एस्सी. करते म्हणाली, तर पहिला सवाल, "पुढं काय?" आणि दुसरा, "पैसे कोण देणार?" पहिल्याचे उत्तर ती देईल. दुसऱ्याचे सरकारने द्यायचे आहे, आणि तिथे सरकारची दातखिळी बसते. ‘गेट’ देऊन एम.टेक. करणाऱ्याला दरमहा 12,400 रुपये मिळतात. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकाला 37,000. मधल्या एम.एस्सी.ला, मोजक्या शिष्यवृत्त्या सोडल्या तर, भोपळा! शिडीची खालचीच पायरी काढून घ्यायची आणि वर कोणी चढत नाही म्हणून हिणवायचे, ही कुठली नीती?

या पदवीत करतात काय? ऐका. शेतात रात्री पाणी द्यायला गेलेल्या बाईला घोणस चावते. रुग्णालयात तिचे दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि वीस मिनिटे नळीला हात लावत नाहीत. मग ती आडवी करतात. रक्त पातळच राहिले, तर विष भिनले. मग सर्पविषरोधक औषध. पण ते औषध बनवायला लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि प्रदेश बदलला की एकाच जातीच्या सापाचे विषही बदलते. मग आमच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातल्या घोणशीवर ते औषध किती चालते? हा एका प्रबंधाचा विषय आहे. प्रश्न मांडा, नैतिकता समितीची परवानगी घ्या, नमुने गोळा करा, चार प्रयोग फसू द्या, पाचव्यावर विश्वास ठेवण्याआधी तो पुन्हा करा. संशोधनाची एम.एस्सी. म्हणतात ती याला! 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने देशात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे दगावली. हा अंधार कमी आहे काय?

दिवे कोणी लावले, ते विचारता? 1897 च्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या संसारावर वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावसकर महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून टिपणे काढत राहिले. प्राझोसिन या औषधाचा त्यांचा अनुभव 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. आज कोकणातले पोर विंचवाने क्वचितच मरते, याचे श्रेय त्या टिपणांना आहे.

"मग जिद्द असली की झाले!" असे आता कोणी म्हणेल. खबरदार! एका बावसकरांच्या जिद्दीआड लपणे हा सरकारी आळसाचा जुना धंदा आहे. सकल देशांतर्गत उत्पादनाचा जेमतेम 0.64 टक्के हिस्सा संशोधनावर खर्चणाऱ्या देशाने जिद्दीचे पोवाडे गाऊ नयेत.

आमची मागणी सरळ आहे. संशोधनाच्या एम.एस्सी.ला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन द्या आणि ते महिन्याच्या महिन्याला द्या. भूकंपानंतर सास्तुरात स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, धाराशिवात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. या तिघांना एका करारात बांधा. रुग्णालयातला प्रश्न प्रयोगशाळेत जाऊ द्या आणि उत्तर परत रुग्णाच्या खाटेपाशी येऊ द्या. आमदारांनो, खासदारांनो, येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करून दाखवा. ती होत नसेल, तर या जिल्ह्यातल्या पोरांपुढे दिव्यांची भाषा पुन्हा काढू नका!