अठरा तास कोणासाठी?

जयंतीला अठरा तास वाचनाचा उपक्रम करणारा आपला समाज आहे. त्याचा आम्हांला अभिमानच वाटतो. परंतु अमेरिकेत आल्यावर तेच अठरा तास आपण नकळत कंपनीच्या खात्यावर जमा करू लागलो आहोत. बाबासाहेबांचे जागरण ज्ञानासाठी आणि समाजासाठी होते, मालकाच्या नफ्यासाठी नव्हे. उलट मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले.

आपल्या थकव्यामागे व्हिसाचे भय आहे. एच-वन-बीवरील नोकरी गेली की फार तर ६० दिवसांची मुदत; मग रात्री अकराच्या कॉलला नकार देणार कोण? त्यात भारतीय सहकाऱ्यांसमोर आडनाव सांभाळत वावरण्याचा ताण वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाशी जोडले, आपण मात्र स्वतःलाच दुबळे ठरवतो.

तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला तो आळशाला नव्हे, चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला. विपश्यनेचे दहा दिवस हितकारकच. पण परतल्यावर वेळापत्रक तेच असेल तर ते अपुरे पडतील. म्हणून आमचे म्हणणे असे, की रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास नोकरीविषयी मोकळेपणाने बोलावे आणि नोकरी गेलेल्या कुटुंबाचे दोन महिन्यांचे घरभाडे भागेल इतका निधी उभारावा. वर्गणीचा आकडा पुढील बैठकीत ठरवू.