माडी हवी, स्लॅब नको

आमच्या चौलात घरावर मजला चढवायचा म्हटले, की पहिला प्रश्न येतो, "स्लॅब कधी टाकणार?" मजला म्हणजे स्लॅब हे समीकरण इतके पक्के झाले आहे, की 'माडी' हा शब्द आता माडापासून काढलेल्या पेयापुरताच उरला आहे.

खाडीकाठच्या आमच्या घराला वर दोन खोल्या हव्यात, हे मला मान्य आहे. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले, की पाणी अंगणात शिरते; अशा वेळी धान्य आणि घरातली म्हातारी माणसे वर नेता आली पाहिजेत. माझे भांडण आहे ते मुंबईकर थोरल्या बंधूंच्या स्लॅबशी.

हिशेब साधा आहे. वीस बाय तीस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब १७ टनांहून जड होतो. आणि एकाने भागत नाही. पायाखाली एक व डोक्यावर एक, असे दोन लागतात. उलट कौलारू छप्पर रिपांसकट चौरस मीटरला सुमारे ६५ किलो, म्हणजे सगळ्या घराचे चार टनांच्या आसपास. हा भार मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतींनी कसा सोसायचा? "कॉलम वेगळे उभारू," असे ठेकेदार म्हणतो. म्हणजे जोत्याला लागून खोल खड्डे खणणार, तेही खाऱ्या पाण्याच्या मऊ जमिनीत! खाऱ्या दमट हवेत सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. छतांतून डोकावणाऱ्या तांबड्या सळ्या पाहायला फार लांब जावे लागत नाही. गंमत पुढेच आहे. कौले नकोत म्हणून टाकलेला स्लॅब काही पावसाळ्यांनंतर गळू लागतो, आणि मग त्यावर पत्र्याची शेड चढते. उतरते छप्पर शेवटी आलेच की. मधले १७ टन फुकट!

बंधूंचे खरे शस्त्र म्हणजे ३ जून २०२० चे 'निसर्ग' वादळ. कौले उडाली, स्लॅब राहिले. ते मी नाकारीत नाही. पण कौले रिपांवर नुसती टेकवलेली असली, वासे भिंतीला जखडलेले नसले, तर वाऱ्याने दुसरे काय करावे? भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवा (तेवढे सिमेंट मलाही चालते), खांब आणि वासे त्याला बोल्टांनी आवळा, कडेची कौले तांब्याच्या तारेने बांधा. छप्पर दुपाखी न करता चौपाखी करा. वारा त्याला तितका उचलू शकत नाही. जुन्या छपराचे धड वासे पुन्हा वापरता येतील, ते निराळेच.

हे जुन्याचे वेड नव्हे. मंगळुरी कौल तरी कुठे आपल्या पूर्वजांचे? बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला. माल चांगला निघाला, आपण घेतला. स्लॅबचे तसे नाही. जगातल्या कर्बवायूचा सात-आठ टक्के वाटा सिमेंटच्या उत्पादनातून येतो, आणि त्या वायूच्या उबेने चढणारा समुद्र आमच्याच खाडीत शिरतो.

दिवाळीत बंधू येतील. खर्चाचा आकडा काढण्याआधी जोत्याशी हातभर खणून पाया किती खोल आहे, ते इंजिनियरला दाखवू, एवढेच मी त्यांना म्हणणार आहे. कुदळ ओटीवर काढून ठेवली आहे.