दोन खेळ, एक युद्ध आणि एका रंगात न मावणारा मुलूख

१/ ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे म्हणून खेळता येते, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाशी तोच खेळ अधिक प्रामाणिक, असे अनेक जण ठामपणे सांगतात. हे मत मला मान्य नाही. मुघल-मराठा युद्धापुरते बोलायचे तर तोच अधिक दिशाभूल करणारा आहे.

२/ एम्पायरची (२००९) मोहीम १७०० साली सुरू होते. साताऱ्याला राजधानी, ‘मराठा संघ’ हे नाव, आणि खेळाडू निवांतपणे कर बसवू लागतो. प्रत्यक्षात डिसेंबर १६९९ पासून खुद्द औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला होता. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये सातारा पडला. संघ म्हणावा अशी रचना तर अजून काही दशके दूर होती.

३/ चूक एवढीच असती तर सोडून दिली असती. गणवेश आणि झेंड्यांवरून भांडणाऱ्यांत मला रस नाही. पण इथे नियमच चुकला आहे. मुख्य शहर घेतले की प्रांत तुमचा. सगळे प्रांत गेले की राज्य संपले. या नियमाने मराठ्यांचे राज्य १६८९ मध्येच संपायला हवे होते. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले, तिथला वेढा १६९८ च्या आरंभापर्यंत चालला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मात्र लढत राहिले.

४/ ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) दिसायला रुक्ष. नकाशा, आकडे, आणखी आकडे. पण मुलूख पोसू शकतो त्याहून मोठी फौज तिथे नेली की ती न लढताच दरमहा झिजते. एम्पायरमध्ये ही झीज नाहीच. ती त्याच कंपनीच्या २०१० च्या नेपोलियनवरील खेळात आली.

५/ झीज वगळून हे युद्ध समजणे अशक्य आहे. ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीच्या पुराने खवासपूरची बादशाही छावणी उद्ध्वस्त केली. बादशहाचा गुडघा त्याच रात्री दुखावला. १७०२ मध्ये विशाळगडाहून भर पावसात परतताना सैन्याचे आणि जनावरांचे जे हाल झाले, ते कोणत्याही लढाईत झाले नव्हते.

६/ आणि विशाळगड पडला कसा? सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर दोन लाख रुपये मोजून. त्या वर्षांत बादशहाने घेतलेल्या किल्ल्यांपैकी बहुतेकांचा शेवट असाच सौद्याने झाला. तोरणा (१७०४) हा अपवाद. किल्लेदार पैसे घेऊन खाली उतरे, बादशहाची पाठ वळली की मराठे किल्ला परत घेत. दोन्ही खेळांत तटबंदी आहे, तोफा आहेत. स्वतःची बुद्धी आणि स्वतःचा हिशोब असलेला किल्लेदार नाही.

७/ युरोपाचे कौतुक इथेच थांबते. तिथेही एका प्रांताचा मालक एक, रंग एक. चौथाईचा अर्थ नेमका याच्या उलट आहे. मुलूख कागदोपत्री बादशहाचा, आणि त्याच गावातून चौथा हिस्सा मराठ्यांचा. राजाराम महाराजांच्या काळात तर न जिंकलेल्या मुलखावर, थेट दिल्लीपर्यंत, सरंजामाची आश्वासने दिली गेली. हा मुलूख कोणत्या रंगात रंगवणार?

८/ त्या दुहेरी वसुलीखालचे गाव दोन्ही खेळांत नुसता उत्पन्नाचा आकडा आहे. हिवरे बाजारला बसून हे लिहिते आहे. इथे सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. किती झाला हे मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिके ठरतात. अशा मुलखात हजारो घोडे, हत्ती आणि बाजारबुणगे महिनोन्‌महिने तळ देऊन राहिले, तर कडबा कोणाच्या गंजीतून गेला असेल? १७०२ ते १७०४ च्या दुष्काळाचे आणि साथीचे वर्णन मनुचीने केले आहे. ते दुष्काळ या युद्धाचाच भाग होते. ‘आपण जिंकलो’ म्हणताना हे वगळणारे केवळ खेळ बनवणारेच नाहीत, आपणही आहोत.

९/ जानेवारी १७०६ मध्ये औरंगजेब अहमदनगरला परतला आणि १७०७ मध्ये भिंगारला वारला. त्या दिवशी घेतलेल्या किल्ल्यांची यादी काढली असती तर दोन्ही खेळांनी त्याला पुढे दाखवले असते.

१०/ मॉड बनवणाऱ्या मराठी मुलांना एक विनंती. भगव्या झेंड्याचे नवे चित्र नंतर करा. आधी एक प्रांत असा बनवून दाखवा, ज्यात दोन वसूलदार येतात आणि पाऊस कमी झाला तर दोघांनाही काही मिळत नाही.